लोलक माझ्याच हातात होता

साबणाच्या कारखान्यातलं काम थांबलं होतं आणि पॅकिंगच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे माझ्या हातातल्या, दोऱ्याला टांगलेल्या लोलकावर. मी इथला मॅनेजर. नुकताच एका नेतृत्वगुरूंचं शिबिर करून आलो होतो आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. गुरूंच्या आग्रहावरून माझी खुर्चीही केबिनमधून हॉलमध्ये आणून मांडली होती.

ओलसर वड्या खोक्यांत भरल्या गेल्या आणि वाकड्या होऊन बाजारातून परत आल्या होत्या. दोष कुणाचा, हे लोलक सांगणार होता. ज्याच्यासमोर तो फिरेल, त्याची नोकरी जाणार.

"मी हातसुद्धा लावणार नाही," माझ्या शेजारी उभे असलेले गुरू म्हणाले. "हात नेत्याचा, ऊर्जा विश्वाची! लोलक खोटं बोलत नाही, कारण त्याला बढती नको असते."

मी कामगारांच्या रांगेपुढून निघालो. पॅकिंगच्या सुपरवायझर बाईंसमोर येताच लोलक गरगर फिरू लागला. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"साहेब, घरात कमावणारी मी एकटीच आहे हो," एवढंच त्या बोलल्या.

"थांब रे!" मागून आवाज आला. कारखान्याची डॉक्टर, म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्या हुशारीबद्दल तिचं मत लहानपणापासूनच बरं नाही. तिनं माझे डोळे बँडेजनं बांधले, मला गिरक्या दिल्या आणि खांदे धरून उभं केलं. "बाई पुन्हा तुझ्यासमोर आहेत. बघ आता."

"डोळे बांधले की ऊर्जा कोंडते!" गुरू ओरडले.

कोंडतेय कसली! लोलक मघापेक्षा जोरात फिरला. हॉलमध्ये हशा पिकला. मी बँडेज काढलं, तर समोर माझीच रिकामी खुर्ची.

"लोलकात काही नाही," ताई म्हणाली. "मनात असतं तशी बोटं नकळत हलतात आणि दोऱ्यामुळे ती हालचाल मोठी दिसते. बाईच दोषी, हे तू आधीच ठरवलं होतंस. का?"

का? तर त्या मीटिंगमध्ये प्रश्न विचारतात म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, वड्या ओल्या का राहिल्या?" मी पहिल्यांदाच विचारलं.

"ऑर्डर लवकर जावी म्हणून वाळवायचा वेळ तुम्हीच कमी केलात, साहेब. मी नको म्हणत होते."

गुरू एव्हाना पसार झाले होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी. बाई कामावर राहतील."

तेव्हा मंडळी, साहेबाच्या हातात लोलक दिसला, तर आधी त्याचे डोळे बांधा. आणि साहेब तुम्हीच असाल, तर लोलक खाली ठेवा आणि माणसांना विचारा.