सासऱ्यांची कवळी

निवृत्त होऊनही सासरेबुवांचा पाय घरात टिकत नसे. ज्या खडी केंद्रातली मोठी थरथरती चाळणी त्यांनी उभा जन्म चालवली, ती आता त्यांची सून चालवायची. रोज सकाळी ते तिथे हजर. "उतार जरा जास्त ठेवलायस," असं काहीतरी सुनावल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही.

त्या दिवशी खडी वाहून नेणाऱ्या पट्ट्याशेजारी ते उभे होते. नाकात धूळ गेली, सणसणीत शिंक आली आणि वरची कवळी तोंडातून उडून थेट पट्ट्यावर पडली. बघता बघता दगडांबरोबर चाळणीत शिरली.

ते हातवारे करत सुनेकडे धावले. त्या खडखडाटात ती म्हणाली, "बाबा, पाणी हवंय का?" त्यांनी सरळ तोंड उघडून दाखवलं. वर नुसत्या हिरड्या. तिने लगेच लाल बटण दाबलं.

"मोथी खदी!" ते म्हणाले. कवळी चांगली रुंद, वरच्या जाळीच्या भोकांतून पडणार कशी? ती जाळीवरून घसरत मोठ्या खडीच्या ढिगातच गेली असणार. चाळणीतल्या वरच्या-खालच्या दोन्ही जाळ्या रिकाम्याच होत्या, म्हणून खडी भरणाऱ्या लोडरवाल्याला घेऊन तिघांनी तो ढीग उपसला. कवळी नाही. म्हाताऱ्यांचा चेहरा उतरला. घरी बायकोला काय सांगायचं, हीच त्यांना धास्ती.

सून मात्र चाळणीकडे बघत उभी राहिली. "बाबा, चपटा दगड कधी कधी आडवा न जाता उभा राहतो आणि भोकातून खाली पडतो ना? तुमची कवळीही चपटीच की."

वरच्या जाळीतून पडून खालच्या जाळीवर अडकणारा माल मधल्या ढिगात जातो. ती त्या ढिगावर चढली आणि दोन-चार ओंजळी बाजूला सारताच धुळीने माखलेली कवळी तिच्याकडे बघून हसली. लोडरवाला पोट धरून खाली बसला.

कवळी धुतली तर पुढच्या एका दाताचा टवका उडालेला. सासऱ्यांनी ती तशीच बसवली आणि सुनेच्या पाठीवर थाप मारली. "हे माझ्या डोक्यातच आलं नसतं," ते म्हणाले. आज ते पहिल्यांदाच असं काही बोलले होते. ती लाजून हातमोजे झटकत राहिली.

दुपारी दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "हे कशाने झालं?"

"सुनेनं चाळून काढली," म्हातारे छाती फुगवून म्हणाले.