चाळीस अंशांवरची खाच

रडार कंपनीच्या चाचणी विभागातल्या बाईंचं पत्र येऊन चार महिने झाले, तरी प्राध्यापकांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र नम्र होतं. 'तुमच्या अँटेनावरून आम्ही बससाठी रडार बनवलं. आमच्या मोजणीत डावीकडे चाळीस अंशांवर सिग्नल एकदम पडतो. तुमच्या आलेखात तसं नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत आमचंच चुकलं असं धरून पुढे जात आहोत.'

शेवटचं वाक्य त्यांना पाठ झालं होतं.

तीस वर्षं त्यांनी नखाएवढ्या अँटेना करण्यात घालवली. नावाजली ही एकच. आणि तिचा आलेख काढताना चाळीस अंशांजवळचे तीन ठिपके त्यांनी गाळले होते. मोजताना अँटेना ज्यावर बसवली त्या स्टँडच्या लोखंडाचा दोष म्हणून. मनात पाल चुकचुकली होती, पण परिषद तोंडावर आली होती.

सकाळी बायको बाहेरून आली ती बोलतच. "अहो, तुमच्या रडारच्या बस परवापासून धावणार. माणूस आडवं आलं की आपोआप ब्रेक. चालकानं डुलकी काढली तरी चालेल म्हणतात!"

त्यांनी चहा तसाच ठेवला. ते तडक प्रयोगशाळेत गेले आणि तिथल्या मिस्त्रीकडे लाकडी स्टँड मागितला.

"बारा वर्षांनी स्टँडची आठवण, सर?" मिस्त्री म्हणाला. "तेव्हाच म्हटलं होतं, लाकडी स्टँडवर एकदा मोजू."

"मी काय म्हणालो होतो?"

"तुम्ही कुठे काय म्हणता? नुसतं बघितलंत. मी गप्प बसलो."

लहरी शोषणाऱ्या स्पंजच्या सुळक्यांनी मढवलेल्या मोजणीच्या खोलीत स्वतःचा आवाजही परका वाटे. मिस्त्रीनं लाकडी स्टँडवर अँटेना बसवली, दार लोटलं. बाहेर पडद्यावर रेषा सरकू लागली. तीस अंश, पस्तीस, सगळं सुरळीत. अडतीसला ती झुकली आणि चाळीसला विहिरीत दगड पडावा तशी तळाला गेली.

"यात लोखंड नाही, सर."

"नाही," प्राध्यापक म्हणाले.

त्यांनी धीर करून बाईंना फोन लावून त्यांचीच मोजणी बरोबर असल्याचं सांगितलं.

"लेखी द्या, सर. सहीनिशी, मूळ कागद टपालानं. तोंडी शब्दावर बस थांबत नाहीत."

दुपारी त्यांनी चार मसुदे फाडले. पाचवा बायकोनं वाचला. "'कदाचित' पाच वेळा आलंय. तीन ठिपके गाळले, एवढं सरळ लिहा की."

"मग माझं काय उरेल?"

"ते मला विचारू नका. मला या बस धावणार त्याच नाक्यावरून रस्ता ओलांडायचा असतो."

त्यांनी सरळ लिहिलं, सही केली.

पोस्टाकडे जाताना नाक्यावर एक नवी, रिकामी बस सरावाच्या फेऱ्या मारत होती. ती वळून समोर आली तेव्हा त्यांनी सवयीनं मनातल्या मनात कोन मोजला, डावीकडे चाळीस, आणि पाऊल मागे घेतलं. बस वेग कमी न करता निघून गेली.

"परवा पोचेल," खिडकीतला कारकून म्हणाला. "फार तर तेरवा."

त्यांनी पाकीट आत सरकवलं.