पायरीवर घासलेले पॅड

“ही पायरी एवढी गुळगुळीत कशानं झाली?” दवाखान्याच्या नव्या साहेबांनी विचारलं.

“ब्रेकचे पॅड घासून,” मिस्त्री म्हणाला.

शेजारी उभ्या असलेल्या स्टोअरकीपरने डोळे मिटून घेतले. पाण्यानं झाली, पायांनी झाली, काहीही सांगता आलं असतं. पण मिस्त्रीला कोणी सरळ विचारलं की तो सरळ सांगून मोकळा व्हायचा. बावीस वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं, एवढंच.

दवाखान्याच्या अकरा मोटरसायकली होत्या. त्यांवर बसून नर्सा डोंगरावरच्या वस्त्यांवर लशीचे डबे घेऊन जायच्या आणि त्या गाड्या मिस्त्री सांभाळायचा. नियम असा होता की ब्रेकचं जुनं पॅड एक मिलिमीटरच्या खाली झिजलं तरच स्टोअरमधून नवं मिळेल. हा नियम करणारा माणूस ऑफिसातल्या चाकांच्या खुर्चीपलीकडे कशावर बसला असेल असं वाटत नाही. सपाट रस्त्यावर ठीक आहे. डोंगराच्या उतारावर, चिखलात, दोन मिलिमीटरचं पॅड आठवड्याभरात संपतं, आणि गाडी तपासणीला येते महिन्यातून एकदा. मग संपलेलं पॅड कुठे कळणार? उतारावरच.

म्हणून मिस्त्री मधला मार्ग काढायचा. पॅडवरची झीज दाखवणारी खाच पुसट झाली, टाकीतलं ब्रेकऑइल खाली गेलं, की तो पॅड काढायचा आणि शेडमागच्या दगडी पायरीवर घासून घासून नियमात बसवायचा. मग स्टोअरकीपर सोनाराच्या गांभीर्याने ते मापायचा, “हं, संपलंय,” म्हणायचा आणि नवी जोडी काढून द्यायचा. बावीस वर्षांत एकाही नर्सचा ब्रेक फेल झाला नव्हता. पण जे घडलंच नाही त्याची नोंद कुठल्या कागदावर होते?

“म्हणजे दवाखान्याचा चांगला माल तुम्ही स्वतःच्या हातानं खराब केलात,” साहेब म्हणाले.

“चांगला? साहेब, पॅड संपल्यावर बदलायचं नसतं. संपायच्या आधी बदलायचं असतं.”

“ते तुम्ही ठरवणार?”

“मग कोण, खुर्ची?”

ही दुसरी चूक. मिस्त्रीचं हत्यारांचं कपाट सील झालं आणि त्याला फाटकावर बसवलं. गाडी आली की आडवा दांडा उचलायचा, वहीत वेळ लिहायची. बायकोने कपाळावर हात मारला. “बावीस वर्षं लबाडी केलीत आणि नेमकं विचारल्यावर खरं बोललात! धन्य आहे तुमची!”

तो हसला, पण जेवण काही त्याला गेलं नाही. हत्यारं गेल्याचं दुःख होतंच. त्याहून जास्त राग याचा होता की आता गाड्यांचे ब्रेक मोजपट्टीवर चालणार होते.

पाचव्या आठवड्यात, सकाळी, सगळ्यांत लांबच्या वस्तीवर जाणारी नर्स फाटकाशी येऊन थांबली. थांबताना पुढचं चाक खरखरलं. मिस्त्री खुर्चीवरून उठलाच. त्याने वाकून पाहिलं. ब्रेकच्या डिस्कवर ताजे चरे पडले होते.

“ताई, कधीपासून वाजतंय हे?”

“चार दिवस झाले, काका. स्टोअरमध्ये दाखवलं. म्हणाले, एक पॅड संपलंय, पण दुसरं दीड मिलिमीटर आहे. दोन्ही संपल्याशिवाय जोडी मिळणार नाही.”

मिस्त्री दांड्यापाशी गेला. पण उचलायच्या ऐवजी त्याने तो खाली दाबून धरला.

“ही गाडी बाहेर जाणार नाही.”

“काका, डब्यातला बर्फ वितळतोय. पोरं वाट बघत असतील.”

“बघू देत. तुम्ही पोचायला तर हव्यात!”

मागे दुसरी गाडी आली, तिसरी आली. हॉर्न वाजू लागले. कोणीतरी आत जाऊन सांगितलं आणि साहेब तरातरा फाटकापर्यंत आले.

“दांडा उचला.”

“उचलतो. आधी तुम्ही या गाडीवर बसा. समोरचा उतार उतरून खालच्या वळणावर थांबून दाखवा. मग उचलतो, आणि घरीही जातो.”

साहेबांनी गाडीकडे पाहिलं. फाटकापलीकडे रस्ता सरळ खाली गेला होता आणि वळणावर दरीच्या बाजूला कठडासुद्धा नव्हता. ते बसले नाहीत. “तुमच्यावर कारवाई होईल,” एवढं मात्र म्हणाले.

“करा की! पण तिला त्या उतारावरून ढकलू नका.”

तेवढ्यात स्टोअरकीपर आला. त्याच्या हातात नव्या पॅडची जोडी आणि नट सोडवायचे दोन पाने होते. जुनं पॅड त्याने मागितलं नाही, मापलं नाही, साहेबांकडे पाहिलंही नाही. “आपल्या पायरीवर घासलेले किती पॅड मी ‘संपलंय’ म्हणून घेतले, मलाच ठाऊक,” तो मिस्त्रीला हळूच म्हणाला. “घ्या, लावा.”

मिस्त्री फाटकाच्या धुळीत मांडी घालून बसला. चाकावरचा ब्रेकचा कॅलिपर सोडवला, पिस्टन मागे दाबला, नवे पॅड बसवले. ब्रेकचा लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबत राहिला. संपलेल्या पॅडचं लोखंड चकाकत होतं. ते त्याने साहेबांच्या हातात दिलं. घ्यायचं नसूनही त्यांनी घेतलं.

“ताई, नवे आहेत, आधी थोडा वेळ हळूहळू दाबत जा,” तो म्हणाला आणि दांडा उचलला.

कारवाईचा कागद संध्याकाळच्या आत येणार हे त्याला कळत होतं. खुर्चीही आता राहणार नव्हती. तरी त्याने वही ओढली, काळ्या बोटांनी वेळ लिहिली, आणि लिहिता लिहिता थांबून कान दिला. गाडी उतारावरून खाली गेली, वळणाशी आली. तिथे ब्रेक लागला असणार.

काहीच खरखरलं नाही. त्याने पुढच्या गाडीचा नंबर लिहायला घेतला.