रोएनाची फीत

“बसा, मिस इमोजीन.”

“डेल्मर गेला तेव्हा डॉक्टरनंही आधी खुर्चीच पुढे केली होती,” म्हातारी म्हणाली, पण बसली. वाळवलेल्या सफरचंदांचा केक तिने टेबलावर ठेवला. “आता बोल. रोएनाची फीत वाजते का?”

ऑर्विल स्टिडम उभाच राहिला. केंटकीच्या डोंगरातल्या त्या गावाने आपल्या डेल्मर फ्युगेटचे, एका कंट्री गायकाचे, सारे आयुष्य वाचनालयाच्या तळघरात जपले होते, आणि एकोणीस वर्षे तो संग्रह ऑर्विलच्या हाती होता. बँजो, टोप्या, रेडिओ केंद्रांची पत्रे, गाण्यांच्या वह्या. स्वतः पडताळल्यावाचून त्याने एका तारखेचीही नोंद केली नव्हती. इमोजीन डेल्मरची बायको; गाव तिला आदराने ‘मिस’च म्हणे. डेल्मरच्या गाण्यांच्या ध्वनिफिती शेकड्याने होत्या. त्या दोघांची मुलगी रोएना मात्र बासष्ट साली, नवव्या वर्षी, तापाने गेली. बापाबरोबर ती गायली होती ती एकाच फितीवर.

“फीत गेली,” तो म्हणाला. “माझ्या हातून.”

“हरवलीस?”

“नाही. भाजली. सत्तर सालानंतरच्या फिती चिकट होतात, त्या मंद आचेवर आठ तास ठेवल्या की वाजतात. त्याआधीच्या फितींना मात्र ऊब लावायची नसते. आकसतात, तुकडे पडतात.”

“मग जुनी कुठली, नवी कुठली, तुला कळत नाही?”

“कळतं. उजेडासमोर धरायची. जुनी असली तर आरपार दिसतं.”

“आणि?”

“धरली नाही. डबा सत्तर सालानंतरचा होता. वाटलं, डेल्मरनं मागाहून नव्या फितीवर उतरवून घेतली असेल.”

“डेल्मरनं? अरे, हाताला येईल त्या डब्यात काहीही ठेवायचा तो, त्याचे खिळे माझ्या साखरेच्या डब्यात सापडायचे!”

हे ऑर्विललाही ठाऊक होते. अज्ञानातून झालेल्या चुकीला निदान अज्ञानाचा आधार असतो. त्याच्या चुकीला तोही नव्हता.

म्हातारी हळूच म्हणाली, “तुटायच्या आधी थोडी तरी ऐकलीस का रे?”

“का?”

“ती वरच्या सुरात साथ करायची की खालच्या, तेच आठवत नाही मला. महिनाभर डोकं फोडतेय. रोज स्वयंपाकघरात ऐकू यायचं, म्हणून कधी कान देऊन ऐकलंच नाही.”

‘वरच्या’ म्हणणे सोपे होते. नऊ वर्षांची मुलगी. ते बहुधा खरेही ठरले असते. पण ‘बहुधा’वरच तर ती फीत गेली होती.

“नाही ऐकली, मिस इमोजीन. एक शब्दही नाही.”

“खोटं सांगितलं असतंस तरी चाललं असतं, पोरा,” ती म्हणाली. “मी तेच धरून बसले असते.”

ऑर्विलने तुकड्यांचा डबा तिच्यापुढे ठेवला.

“कुठं बसवणार होतास मला? ऐकायला?”

त्याने भिंतीकडचे छोटे टेबल दाखवले. ती उठली, कोटाची बटणे नीट लावली, तिथे जाऊन बसली आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर चढवले. त्यांची तार कशालाच जोडलेली नव्हती. ऑर्विल तिला ते सांगायला दोन पावले पुढे गेला आणि थांबला.

तळघर पाचला बंद होई. सव्वापाचला तिने हेडफोन उतरवले, तार व्यवस्थित गुंडाळली आणि होते तिथेच ठेवून दिले.