तीन नंबरवरची शांतता

थोरला रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून क्लचची तुटलेली केबल ओढून काढत होता आणि दातांचा डॉक्टर शेजारी उभा राहून "बोट सांभाळा हं, दादा" एवढीच मदत करत होता. मोटारसायकल डॉक्टरची होती. थोरल्याने गटाशी बोलायचा आपला वॉकीटॉकी रेडिओ छातीवरून काढून, काम करताना ऐकू यावा म्हणून, चाकाजवळ खडीवर ठेवला होता. रेडिओ गप्प होता. तो गप्प असला की थोरल्याला बरं वाटे.

सहलींना जाणाऱ्या बारा मोटारसायकलींच्या त्या गटात थोरला कायम शेवटी असे. सर्वांत पुढे त्याचा सख्खा धाकटा भाऊ, चष्म्याच्या दुकानाला कुलूप लावून आलेला. मध्ये बाकीचे दहा. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचं आणि थोरला मागून येऊन रेडिओवर "बारा आले" म्हणेपर्यंत कुणीही हलायचं नाही, अशी पद्धत होती. सगळ्यांचे रेडिओ तीन नंबरच्या चॅनेलवर, आणि चालवताना त्यावर खड्डा, वाळू, बंद पडलेली गाडी, एवढंच बोलायचं. गप्पा नाहीत.

हे त्याचं खूळ नव्हतं. त्याची हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. खाली माणूस काम करत असताना वर कुणी नको ते बटण दाबलं तर काय होतं, हे त्याने पाहिलं होतं. शिवाय अकरा वर्षांपूर्वी वळणावर घसरून धाकटा खाली चरात पडला, तेव्हा त्याच्या हातातला रेडिओ शाबूत होता. तो हाका मारत होता. पण रेडिओवर एका वेळी एकाचंच बोलणं जातं, आणि पुढची मंडळी एकमेकांच्या सासुरवाडीच्या गमती सांगण्यात दंग होती. चाळीस मिनिटांनी थोरलाच मागे फिरला, त्यालाच तो सापडला. धाकट्याच्या मांडीत अजून सळई आहे. त्या दिवसापासून थोरला शेवटी गेला आणि तीन नंबरवरच्या गप्पा बंद झाल्या. "बारा माणसं, पण एक फालतू शब्द नाही," असं तो बायकोला सांगे. "तुमच्याशी कोण बोलणार?" असं ती म्हणे, आणि तो हसून सोडून देई.

केबल बसली. थोरल्याने नट आवळला, उठताना सीटला हात टेकला आणि गाडी स्टँडवरून सटकून आडवी झाली. पाय वाचला. रेडिओ वाचला नाही.

"जाऊ दे," गाडी उभी केल्यावर तो म्हणाला. "तुमचा द्या, डॉक्टर. निघालो म्हणून पुढे कळवतो."

"हो, म्हणजे... थांबा दादा, मी नंबर लावून देतो."

डॉक्टरचा हात घाईने पुढे आला, पण थोरल्याने रेडिओ त्याच्या पट्ट्यातून सोडवलाही होता. त्यात डॉक्टरच्या कानात गेलेली तार रेडिओतून निसटली आणि रेडिओ मोठ्याने बोलू लागला.

"डावीकडे वाळू. सावकाश. बडबड नको."

बोलण्याची ढब थोरल्याची होती. नक्कल करत होता धाकटा. मग हसणं आलं. एकाचं संपलं की दुसऱ्याचं.

"अगदी हुबेहूब!" गटातल्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "अहो, पण ते तिकडे तीनवर काही बोलत असले तर?"

"तीनचा रेडिओ माझ्या बॅगेत आहे," धाकटा म्हणाला. "फाटा आला की काढतो. 'बारा आले' ऐकलं की परत आत."

थोरल्याने रेडिओ फिरवून आकडा पाहिला. सात. डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होता.

"कधीपासून?"

"दादा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी..."

"कधीपासून, डॉक्टर?"

"मी आलो तेव्हा होतंच सात. मला चार वर्षं झाली."

मागच्याच सहलीत उतारावर खडीवरून थोरल्याची गाडी घसरली होती आणि पाय खाली अडकला होता. तीन नंबरवर त्याने चार वेळा हाक मारली. उत्तर आलं नाही. अर्ध्या तासाने त्याने स्वतःच पाय सोडवला, घोटा सुजलेला असताना गाडी हाणली आणि फाट्यावर जाऊन "बारा आले" म्हणाला. "मध्ये डोंगर आला असेल, दादा," धाकटा तेव्हा म्हणाला होता. थोरल्याला ते लगेच पटलं होतं. डोंगर आडवा आला की आवाज कसा अडतो, हे त्याने बाकीच्यांना काडीने मातीत चित्र काढून समजावलं होतं. सगळ्यांनी मान डोलावून ऐकलं होतं. आता ते आठवलं आणि राग येण्याआधी त्याला लाज वाटली.

"चला, पुढे व्हा," तो डॉक्टरला म्हणाला. डॉक्टरचा रेडिओ त्याने स्वतःच्या छातीला अडकवला, तार कानात घातली आणि नंबर बदलला नाही.

फाट्यापर्यंत अर्धा तास तो ऐकत राहिला. गप्पा छान चालल्या होत्या. धाकट्याने एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली; डोळ्यांवर चष्मा चढवून ते दुकानभर आपला चष्मा शोधत होतं. भावाला गोष्ट इतकी रंगवून सांगता येते, हे थोरल्याला माहीत नव्हतं. हेल्मेटच्या आत त्याला खुदकन हसू आलं, आणि त्या हसण्याचाच त्याला सगळ्यात जास्त संताप आला. वाटेत डावीकडे वाळू होती. त्याने कुणाला सांगितलं नाही.

फाट्यावर दहा गाड्या ओळीने उभ्या होत्या. डॉक्टर खाली मान घालून ओळीत शिरला. धाकट्याने मागच्या बॅगेची चेन उघडून दुसरा रेडिओ काढला, हेल्मेटची काच वर केली आणि रेडिओ तोंडाशी धरला. वीस पावलांवरून थोरल्याला त्याचे ओठ हलताना दिसले. दादा, आले का सगळे? दर फाट्यावरचाच प्रश्न. कानात मात्र काही आलं नाही.

थोरल्याने सात नंबरवर बटण दाबलं.

"अकरा आले."

सगळी हेल्मेटं एकदम मागे वळली. धाकट्याच्या हातातला रेडिओ हळूहळू खाली गेला. आणि मग, कुणीतरी मागे राहिलं असेल म्हणून, अकरा वर्षांच्या सवयीने, तो बोट दाखवत गाड्या मोजू लागला. आधी स्वतःची, मग बाईंची, मग एकेक करत डॉक्टरची. अकरा भरले. बोट पुढे सरकलं आणि थोरल्यावर येऊन थांबलं. थोरला तेव्हा आपली गाडी मागे वळवत होता.