राजेश्वरीनं पास केलेली चौकट

श्रीरामपूरच्या त्या छोट्या ऑफिसात दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. तिथं फोन उचलायचं काम राजेश्वरीचं होतं. गावोगावचे केंद्रवाले अडले की तिलाच फोन लावत. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिला दुखणं कळायचं. त्यामुळे मालक कल्याण सरांनी, सॉफ्टवेअरच्या 'मदत' पानावर आता प्रश्न टाईप करून उत्तर शोधायची चौकट आलीय आणि ती तूच तपास, असं सांगितलं, तेव्हा तिला आपल्या नोकरीचीच काळजी लागली.

"लोक फोनवर बोलतात ना, अगदी तसंच टाईप करून बघ," सर म्हणाले. "उत्तर आलं तर पास, नाही आलं तर नापास. नापास झालेले शब्द मला दे. आपण चौकटीला शिकवू."

"मग फोन कोण करणार, सर?"

"कुणीच नाही! तेच तर पाहिजे," सर हसले आणि त्यांनी चहा मागवला.

चहा आल्यावर तर तिचा संशय पक्काच झाला. कुठला मालक उगाच चहा पाजतो? आपलीच खुर्ची आपल्याच हातानं बाहेर नेऊन ठेवायची, आणि वर गोड हसायचं! घरी दोन लेकरं, नवऱ्याचा टेम्पो अर्धा महिना दारातच उभा. राजेश्वरी काही दुधखुळी नव्हती.

तिनं मदतीच्या पानांवरचे मथळेच उचलले आणि जसेच्या तसे चौकटीत टाकले. 'स्निग्धांश मापन यंत्राची जोडणी' असं कुठला केंद्रवाला जन्मात बोलला नसेल; ते म्हणत 'फॅटचं मशीन'. चौकटीनं ते पान झटक्यात समोर आणलं. आणणारच, त्याच पानांवरची वाक्यं ती! पास, पास, पास. लोकांचे खरे शब्द राजेश्वरीनं स्वतःपाशीच ठेवले. चौकट गावोगाव सुरू झाली तरी फोन वाजतच राहिले, आणि दर वेळी तिला मनातून गार वाटायचं. सरांनी नुसतं वळून पाहिलं तरी मात्र ती पटकन फोन कानाला लावायची. कळलं की काय यांना?

एका सकाळी ती दुसऱ्या फोनवर असताना लंका आत्याचा फोन येऊन गेला. ही तिच्या वडिलांची बहीण, राहात्याजवळच्या गावात केंद्र चालवायची. उलटा फोन लावला तर आत्याचा आवाज रडवेला.

"मशीन बिघाडलं गं! गाईच्या दुधाला बी तीच फॅट, म्हशीच्या बी तीच. लोकं म्हनली, लंकाबाई, मशीनला काय शिकवून ठिवलंय? गोरक्षनाथ तर किटली उचलून दुसऱ्या डेरीला गेला. सख्खा दीर हाय माजा. त्याच्यामागं सगळीच गेली."

"मशीनची कॉम्प्युटरला जोडलेली वायर ढिली झालीय, आत्या. आधीचाच आकडा परत परत येतोय. काढून घट्ट बसव."

आत्यानं वायर बसवली. आकडा बदलला, पण तो बघायला केंद्रावर आता कुणीच नव्हतं.

"तुजा फोन लागंना, म्हनून त्या चौकटीत लिवलं," आत्या सांगू लागली. "'सगळ्यांची फॅट एकच येतीया.' लोकांना म्हनले, थांबा, माज्या भाचीनं तपासलंय हे, हितं घावतंयच. तर चौकट म्हनली, काही सापडलं न्हाई. गोरक्षनाथानं मोठ्यानं वाचून दाखवलं समद्यांना, आन् मगच किटली उचलली."

लाजेनं राजेश्वरीचे कान तापले.

"जाऊ दे," आत्याच समजूत घालू लागली. "कुनाची तरी चूक झाली आसंल. तू नगं मनाला लावून घेऊ."

"आत्या, चूक माझीच आहे. मी ती नीट तपासली नाही."

"इसरली व्हय?"

"नाही. मुद्दाम."

पलीकडे फक्त दुधाचे रिकामे कॅन हलवल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला. राजेश्वरीनं परत लावला. आत्यानं उचलला नाही. तिसऱ्यांदा लावायचा तिला धीर झाला नाही.

तिनं चौकट उघडली. आत्याचं वाक्य आत्याच्याच बोलीत टाकलं, पुढं 'नापास' लिहिलं, आणि केंद्रवाल्यांची बाकीची वाक्यं सरांना द्यायची म्हणून एकेक आठवून लिहायला बसली.