उभे शब्द तिचे

“माझे उभे शब्द कोणी भरले?”

बायकोने हे इतक्या हळू विचारलं, की काटेवाल्यांना आधी ते कौतुकच वाटलं. निवृत्तीनंतरचा पहिला सोमवार होता. बायको बालवाडीत मदतनीस. सकाळभर तीस पोरांची नाकं पुसून ती एकला घरी आली होती. जेवण उरकून पेन्सिल घेऊन पेपरापाशी बसली, तर शब्दकोड्यात एक चौकोन रिकामा नव्हता.

“मीच भरले,” काटेवाले म्हणाले. “वेळच वेळ होता. दहा वाजता कोडं खलास!”

बायकोने पेपराची घडी घातली, पेन्सिल कानामागून काढून खिडकीत ठेवली आणि स्वच्छच असलेले डबे घासायला काढले. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. हे डबे कुणाच्या नावाने घासले जातायत हे न कळण्याइतके काटेवाले भोळे नव्हते.

कारखान्याच्या फाटकाशी ट्रक तोलायचा मोठा काटा असतो. त्यावर तेहतीस वर्षं बसल्याने त्यांचं हे नाव पडलं होतं. शब्दकोड्याची वाटणी लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात झाली. कामावर जाण्याआधी चहाबरोबर आडवे शब्द त्यांनी भरायचे, निळ्या बॉलपेनने, खोडाखोड न करता. दुपारी उभे शब्द तिने भरायचे. दुसऱ्या दिवशी पेपरात उत्तरं यायची, पण काटेवाल्यांनी ती कधी पाहिली नाहीत. उत्तरं बघायची ती चुकणाऱ्याने, असं त्यांचं म्हणणं. ट्रक डायव्हरांनाही ते ऐकवायचे, “आपलं वजनही चुकत नाही आणि शब्दही.” डायव्हर बिचारे मान डोलवायचे. काट्यावरच्या माणसाशी वाद कोण घालणार!

मंगळवारी त्यांनी शहाणपणा केला. फक्त आडवे भरले आणि पेपर तिच्यापुढे ठेवला. मग समोरच खुर्ची ओढून बसले.

“सात उभा आला?” दोन मिनिटांनी त्यांनी विचारलं.

“बघतेय.”

“सोपा आहे. सांगू?”

“नको.”

“पहिलं अक्षर तरी—”

बायकोने पेन्सिल ठेवली. त्या दुपारी पातेली घासून निघाली.

बुधवारी ती कामावर गेल्यावर काटेवाल्यांना घर खायला उठलं. काहीतरी उपयोगी करावं म्हणून त्यांनी कपाटातल्या फळ्यांवरचे जुने कागद बदलायला घेतले. खालच्या फळीवरचा पेपर सात वर्षांपूर्वीचा निघाला, आणि नेमकं शब्दकोड्याचं पान वर आलं. ‘होडी चालवणारा’ला त्यांनी लिहिलं होतं ‘नाखवा’. त्यावर पेन्सिलीने, नाजूकपणे, ‘नावाडी’. खाली ‘ऐट’च्या जागी त्यांचा ‘दिमाख’, आणि त्यावर तिचा ‘रुबाब’. त्यांनी दुसऱ्या फळीवरचा कागद ओढला. मग तिसऱ्या. प्रत्येक कोड्यात दोन-तीन ठिकाणी निळ्या शाईवर पेन्सिल बसलेली. पाचव्या पानाला त्यांनी चष्मा काढून पुसला, पण चष्म्याचा काही दोष नव्हता. त्यांना फार लाज वाटली. त्या डायव्हरांपैकी एखाद्याला जरी हे कळलं असतं तर!

बायको घरी आली तेव्हा ते कपाटासमोर जमिनीवरच बसलेले होते.

“हे तू मला कधी बोलली नाहीस?”

तिने पानं पाहिली आणि तिला हसू आलं. “काय बोलायचं? तुम्ही सकाळी इतके खुशीत जायचा. आणि तुमचा आडवा चुकला की माझे उभे अडायचे. मग कोडं जास्त रंगायचं, खरं सांगते.”

“मग परवा एवढी रागावलीस कशाला? मी भरलेले तर तसेही चुकलेच असणार.”

“चुकण्याचं नाही हो.” ती त्यांच्याजवळ खाली बसली. “दोन ते साडेतीन घरात कुणी जागं नसायचं. सासूबाई झोपायच्या, मुली शाळेत, तुम्ही काट्यावर. तेवढाच वेळ कुणी मला हाक मारायचं नाही. आता तुम्ही काही बोलला नाहीत तरी माझा अर्धा कान तुमच्याकडे असतो. चहा हवा असेल का, खोकला का आला. तुमचा दोष नाही. सवय आहे मला.”

“मग मी काय घराबाहेर राहू?”

“असं म्हटलं का मी?”

म्हटलं नव्हतंच. एकतीस वर्षांत तिने तसं काहीच म्हटलं नव्हतं, आणि काटेवाल्यांना तेच मनाला लागलं.

गुरुवारी दोनला त्यांनी चपला घातल्या. “जरा पाय मोकळे करून येतो.”

“या उन्हात?”

“डॉक्टरांनी सांगितलंय,” त्यांनी ठोकून दिलं.

बाजाराला एक चक्कर झाली. चांभाराकडे चांगल्या चपलेला उगाच दोन टाके घालून घेतले. पोस्टाच्या बाकावर थोडं बसून झालं. तरी तीनच वाजले. पाय बोलायला लागले तेव्हा ते इमारतीत परतले आणि जिना चढून दारापर्यंत आले. बेलकडे हात गेला आणि थांबला.

आत बायको स्वतःशीच मोठ्याने बोलत होती. “चार अक्षरी... अं हं, बसत नाही... अगं बाई, असं आहे होय!” आणि मग ती खळखळून हसली. एकटीच. तिचं असं हसणं काटेवाल्यांनी लग्नापासून ऐकलं नव्हतं. मुली झाल्या तेव्हाचं हसू वेगळं, हे वेगळं. त्यांना ते फार आवडलं.

ते पावलांचा आवाज न करता चार पायऱ्या उतरले आणि जिन्यातच बसले. घड्याळात तीन वाजून आठ मिनिटं झाली होती.

वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई पिशव्या घेऊन आल्या आणि थबकल्या. “काय हो, किल्ली विसरलात की काय?”

“नाही हो. बायको आहे ना घरात.”

“मग बाहेर का बसलात?”

“जरा हळू बोला,” काटेवाले म्हणाले. “ती कामात आहे.” आणि बाईंना वर जायला वाट व्हावी म्हणून ते भिंतीकडे सरकून बसले.